बिननंबराची गाडी ट्रेलरवर, ट्रेलर पुलावर: न्यू जर्सीहून कॅनडाच्या रेस ट्रॅकवर

फक्त ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला नंबर प्लेट नसते, आणि सीमेवरचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. रोजची गाडी घेऊन नायगारा बघायला पलीकडे जाताना ‘ही गाडी कॅनडात विकणार का’ असं कुणी विचारत नाही. पण सीटा काढलेली, आत पाइपांचा पिंजरा ठोकलेली, दारावर आकडा चिकटवलेली माझदा मियाटा ट्रेलरला बांधून नेलीत, की अधिकाऱ्याच्या लेखी ते वाहन उरत नाही, तो माल होतो. मालाबद्दल त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: कुठून आणला आणि परत कधी नेणार. पुढे जेवढे कागद सांगतोय, ते सगळे या दोन प्रश्नांच्या उत्तरासाठी आहेत.

मी एडिसनला राहतो. वर्षातून एकदा ओंटारियो प्रांतात बोमनव्हिलजवळच्या कॅनेडियन टायर मोटरस्पोर्ट पार्कला जातो. जुनी मंडळी अजून मॉस्पोर्टच म्हणतात. १९६१ साली सुरू झालेला हा ट्रॅक जवळजवळ ४ किलोमीटरचा, १० वळणांचा आहे. १९६७ मध्ये कॅनडाची पहिली फॉर्म्युला वन ग्रां प्री इथेच झाली. दुसरं वळण उतारावर आहे, डावीकडे, आणि वळेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. त्या एका वळणासाठी माणूस पाचशे मैल ट्रेलर ओढत जातो, हे घरच्यांना पटवायचा प्रयत्न मी सोडून दिलाय.

हा लेख अमेरिकेत राहून स्वतःची हौशी गाडी स्वतः ओढून नेणाऱ्यासाठी आहे. विकायला टी-शर्ट नेणार असाल किंवा पैसे घेऊन दुसऱ्याची गाडी पोचवणार असाल, तर तो धंदा झाला. त्याची रांग वेगळी आणि कागदही वेगळे.

आधी माणसांचं बघा

गाडीच्या नादात माणसांचं विसरतं. आपल्याकडे एकाच घरात तीन तऱ्हेचे कागद असतात: नवऱ्याचं ग्रीन कार्ड, मेहुणा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलं अमेरिकन नागरिक. प्रत्येकाचा नियम वेगळा. ग्रीन कार्डवाल्याला भारतीय पासपोर्ट आणि कार्ड दाखवून जाता येतं, कॅनडाचा व्हिसा लागत नाही. एच-१बी वाल्याला भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतोच, आणि तो आठवडाभरात हाती येईल असं धरून चालू नका. रेसची फी भरण्याआधी व्हिसाचा अर्ज भरा.

परत येतानाचंही आत्ताच बघायचं. पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसाचा शिक्का संपला असेल, पण आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत राहायच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत शिल्लक असेल, तर कॅनडात ३० दिवसांपर्यंत राहून त्याच जुन्या शिक्क्यावर परत येण्याची सोय आहे. त्याला ऑटोमॅटिक व्हिसा रीव्हॅलिडेशन म्हणतात. मात्र त्या मुक्कामात कॅनडातल्या अमेरिकन कचेरीत नवीन व्हिसासाठी अर्ज केला, तर ही सोय जाते. आय-९४ ची छापील प्रत आणि आय-७९७ हे मंजुरीचं पत्र बरोबर ठेवा. फोनवरच्या फोटोच्या भरवशावर निघू नका, सीमेवरच्या बेटांच्या भागात नेटवर्क कधी अमेरिकेचं असतं, कधी कॅनडाचं, आणि कधी कुणाचंच नसतं. मुलं एकाच पालकाबरोबर असतील तर दुसऱ्याचं संमतीपत्र सही करून घ्या.

तब्येतीचा विमाही आत्ताच. तुमची अमेरिकन पॉलिसी कॅनडात किती चालते ते विचारा. प्रवासी विमा काढलात तर त्यात ‘मोटर रेसिंग वगळून’ ही ओळ शोधा. बहुतेक वेळा ती असतेच.

गाडीची ओळख कागदावर आणा

पहिला कागद मालकीचा: टायटल, ते नसेल तर खरेदीची पावती, तुमच्या नावाची. गाडी मित्राची असेल तर ‘अमुक माणूस अमुक तारखांना अमुक ट्रॅकवर माझी गाडी नेत आहे’ असं पत्र, नोटरी केलेलं. क्लबचं लॉगबुकही जवळ ठेवा. कस्टम्सच्या दृष्टीने त्याला किंमत नाही, पण चार वर्षांच्या तपासणीच्या नोंदी पाहिल्या की समोरचा माणूस जरा निवळतो.

दुसरा कागद अमेरिकेच्या कस्टम्सचा फॉर्म ४४५७. ‘ही वस्तू देशाबाहेर जाण्याआधीच माझ्याकडे होती’ याचा तो दाखला. परत येताना गाडी कॅनडातून विकत आणलीत, असं कुणी म्हणू नये म्हणून तो घ्यायचा. फुकट आहे. अट एकच, अधिकाऱ्याने वस्तू डोळ्यांनी बघून शिक्का मारायचा असतो. म्हणजे गाडी ट्रेलरवर चढवून कस्टम्सच्या ऑफिसात न्यायची. सीमेवर निघताना हे करता येतं, पण मी आधीच्या आठवड्यात न्यूअर्ककडे उरकतो, कारण अमेरिकेतून बाहेर पडताना वाटेत तुम्हाला कुणी थांबवत नाही, तुम्हालाच आठवणीने चौकीत वळावं लागतं. आठवण राहत नाही. जाण्याआधी फोन करून वेळ ठरवा. काही अधिकारी गाडीसाठी ४४५५ मागतात, तो एका फेरीपुरता असतो. ४४५७ मात्र वाचता येतोय तोवर पुन्हा पुन्हा चालतो. गाडी मूळ इंग्लंडहून वगैरे आणलेली असेल तर तेव्हाच्या आयातीच्या नोंदीची प्रतही फाइलला लावा.

आता यादी. एका पानावर गाडी, इंजिन-गिअरबॉक्स सुटे नेत असाल तर ते, जादा चाकं, हत्यारांची पेटी, जॅक, जनरेटर. प्रत्येकासमोर नग, सीरियल नंबर असेल तर तो, आणि डॉलरमध्ये खरी किंमत. तीन प्रती. किंमत कमी लिहायचा मोह आवरा. उद्या खरंच काही झालं तर विमावाल्यासमोर हेच पान जाणार आहे.

व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, गाडीवरून बघून लिहा, टायटलवरून उतरवू नका. १९८१ पासून हा नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तुमच्या यादीत ‘ओ’ दिसला तर तो शून्य आहे. माझ्या पहिल्या यादीत आठच्या जागी ‘बी’ पडला होता. अधिकारीणबाईंनी बॉनेट उघडायला लावलं, टॉर्च घेऊन इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचला, मी यादीवर बोट ठेवून ‘यस’ म्हणत गेलो, आणि बाराव्या अक्षराला आम्ही दोघंही थांबलो. सुटलो, पण पंचेचाळीस मिनिटांनी. पिंजरा बसवताना डॅशबोर्ड काढला असेल तर काचेखालची पट्टी बहुतेक गेलेलीच असते, तेव्हा ठोकलेला नंबर कुठे आहे ते माहीत करून घ्या आणि तिथलं ग्रीस पुसून ठेवा.

तिसरा कागद स्पर्धेच्या नोंदणीची पावती, तारखांसकट. मोठ्या स्पर्धांचे आयोजक कॅनडाच्या सीमा सेवेकडून कार्यक्रमाचं पत्र आधीच घेऊन ठेवतात. त्यांना ईमेल टाकून मागा.

एटीए कार्ने नावाचं मोठं प्रकरणही आहे, मालाचा पासपोर्टच म्हणा. अमेरिकेत त्याची व्यवस्था युनायटेड स्टेट्स कौन्सिल फॉर इंटरनॅशनल बिझनेस बघते. मुदत एक वर्ष, आणि साधारण मालाच्या किमतीच्या ४० टक्के हमी द्यावी लागते. वर्षात चार देश फिरणाऱ्या संघाला ते परवडतं. एका शनिवार-रविवारसाठी मियाटावर कार्ने काढणं म्हणजे माझ्या मते मुंगी मारायला तोफ.

ट्रेलर

मियाटा सुमारे २,३०० पौंडांची. १८ फुटी लोखंडी उघडा ट्रेलर साधारण २,०००. वर चाकं, जॅक, हत्यारं मिळून ५००. झाले ४,८००. त्यातले १० ते १५ टक्के, म्हणजे ४८० ते ७२० पौंड, हुकावर यायला हवेत. कमी आले तर ट्रेलर मागे शेपटी हलवतो, जास्त आले तर ओढणाऱ्या गाडीचं नाक वर. गाडी ट्रेलरवर चार इंच पुढे-मागे केली तरी फरक कळतो. एकदा नीट बसली की फळीवर रंगाने खूण करा.

‘आमची टोयोटा हायलँडर ५,००० पौंड ओढते की,’ असं पुष्कळजण म्हणतात. कागदावर ओढते. पण त्यात बायको, दोन मुलं, कूलर आणि पोळ्यांचे डबे बसले की हिशेब बदलतो. पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरात ते समजतं. पिकअप नसेल तर भाड्याने घ्या, मात्र ट्रेलर ओढायची आणि कॅनडात न्यायची परवानगी करारात लिहिलेली आहे का ते बघा.

ओंटारियोत १,३६० किलो किंवा त्याहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. आपला त्याच्या बराच वर आहे. ब्रेक कंट्रोलर, दोन्ही साखळ्या, ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी दोरी आणि तिची बॅटरी, सगळं घरच्या अंगणात तपासा.

खरं कपाळाला हात लावायला लावतात ते टायर. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन फुटतात. बाजूला शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही कोरी दिसो, बदला. पुष्कळ ट्रेलर-टायरांची मर्यादा ताशी ६५ मैलच असते. दर थांब्यावर चाकाच्या मधोमध हाताची पाठ टेकवा. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग खराब होत चाललंय.

बांधायला दोन इंची रॅचेट पट्टे चार, प्रत्येकी ३,३३३ पौंड कामाच्या भाराचे. पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात फडफडत नाही आणि ते डोकं उठवणारं गुणगुणणं थांबतं. पहिल्या २५ मैलांनंतर थांबून पुन्हा आवळा.

विमा एजंटला फोन करून कॅनडासाठीचं अनिवासी विमा कार्ड मागवा. ते फुकट मिळतं. ओंटारियोत तिसऱ्या पक्षासाठी किमान २ लाख डॉलरचं कव्हर लागतं, त्याची खात्री हे कार्ड देतं. ते ओढणाऱ्या गाडीचं झालं. ट्रेलरवरच्या रेस कारचं नुकसान त्यात येत नाही, तिच्यासाठी प्रवास आणि पॅडॉक (ट्रॅकवरची गाड्या उभ्या करायची जागा) यांच्यापुरती वेगळी पॉलिसी घ्यावी लागते.

माती, किडे आणि इतर नको त्या गोष्टी

निघण्याआधी गाडी आणि ट्रेलर खालून धुवा. चिखल घेऊन सीमा ओलांडू नये, माती दोन्ही देशांना नको असते. आणि आपण न्यू जर्सीवाल्यांना एक खास काळजी आहे. स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा किडा २०१४ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत पहिल्यांदा सापडला आणि आता आपल्या अंगणात आहे. ट्रेलर झाडाखाली उभा असेल तर चौकटीच्या खाली, मडगार्डच्या आत बघा. अंडी वाळलेल्या चिखलाच्या इंचभर डागासारखी दिसतात, जूनमध्ये काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेली पिल्लं असतात. अंडी जुन्या क्रेडिट कार्डाने खरवडून अल्कोहोल घातलेल्या पिशवीत टाका. कॅनडाने या किड्याला नियंत्रित कीड ठरवलं आहे, आणि तो तिथे पोचवणारे आपण नकोत.

रेसचं पेट्रोल डब्यात भरून नेऊ नका, डबे रिकामे न्या. गाडीच्या टाकीत तळाशी थोडंच ठेवा, बाकी तिकडे भरा. पेपर स्प्रे कॅनडात बंदी असलेलं हत्यार आहे, किल्लीच्या जुडग्याला लटकणारी ती छोटी कुपीसुद्धा. गांजा न्यू जर्सीत कायदेशीर, कॅनडातही कायदेशीर, पण मधल्या पुलावर गुन्हा. सरपणाची लाकडं नकोत. आणि डॅशबोर्डवरचा रडार डिटेक्टर घरीच काढून ठेवा, ओंटारियोत तो बंद करून पेटीत ठेवलेला असला तरी बेकायदा आहे.

कुठून ओलांडायचं

बफेलोकडून लुइस्टन-क्वीन्सटन पुलाने जाता येतं, पण मग संपूर्ण टोरोंटो ओलांडावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी ट्रेलर घेऊन हायवे ४०१ वर टोरोंटोतून गेलेला माणूस दुसऱ्यांदा तसं करत नाही. मी आय-८१ हा हायवे धरून सरळ उत्तरेला, सिरॅक्यूज, वॉटरटाउन करत थाउजंड आयलंड्स पुलाने जातो. पलीकडे ४०१ वर पश्चिमेला वळलं की किंग्स्टन, बेलव्हिल, पोर्ट होप, आणि टोरोंटोच्या बरंच अलीकडे बोमनव्हिल.

पूल १९३८ चा आहे, त्या काळच्या गाड्यांच्या मापाचा. दोनच लेन, अरुंद. समोरून मोठा ट्रक आला की ट्रेलरचं मडगार्ड आणि कठडा यांच्यात किती जागा आहे ते आरशात बघत बसायचं. हळू जा, मागच्याला हॉर्न वाजवू दे. गुरुवारी सकाळी पोचलात तर रांगही नसते.

खिडकीपाशी

कॅनडाची चौकी हिल आयलंडवर आहे. इंजिन बंद, काचा खाली, काळे गॉगल काढलेले, पासपोर्ट एकावर एक. फाइल मांडीवर ठेवा, पण मागितल्याशिवाय पुढे करू नका. उत्तरं लहान द्या: ‘हौशी रेसमध्ये भाग घ्यायला चाललोय, मॉस्पोर्टला, रविवारी परत. गाडी माझी आहे, परत नेणार आहे. विकायला काही नाही.’

‘काम’ हा शब्द गाडीतल्या कुणीही उच्चारायचा नाही, हे आधीच बजावून ठेवा. आमच्या पहिल्या फेरीत मागच्या सीटवरून मेहुण्याने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘मी यांच्या गाडीवर काम करणार आहे.’ खिडकीतल्या अधिकारीणबाईंनी पेन ठेवलं. ‘पगार मिळतो?’ ‘छे, दाजी जेवण पण माझ्याकडूनच घेतात,’ हे तो मराठीत पुटपुटला म्हणून बरं. तरी आत नेलंच. फुकटात मदत करणारा मित्र-नातेवाईक आणि पगारी मेकॅनिक हा फरक तिथे मोठा असतो, तेव्हा ‘फॅमिली आहे, बघायला आलाय, हात लावतो’ एवढंच पुरे.

बाजूला घ्यायला सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका. प्लेट नसलेल्या गाडीचं तसं होतंच. चाव्या सगळ्या एका कडीत ठेवा, पेटी उघडायला झटापट नको. ते यादी घेऊन मोजतात. आमच्या यादीत आठ चाकं होती आणि ट्रेलरवर बारा निघाली, कारण आदल्या रात्री एका मित्राने ‘लागतील तुला’ म्हणून चार टाकली होती. यादी निघायच्या दिवशी सकाळी छापायची, हा धडा तिथला.

अधिकाऱ्याला वाटलं तर तो ई-२९-बी नावाचा तात्पुरत्या प्रवेशाचा परवाना करून देतो, कधी अनामतही घेतो. मिळाला तर अजिबात कुरकुर नको. गाडी परत जाणार, हे त्यांच्याच कागदावर लिहून मिळालं. फक्त तिथेच विचारून घ्या, ‘परत जाताना हा कुठे रद्द करून घ्यायचा?’ कारण कॅनडातून बाहेर पडताना त्यांची खिडकी वाटेत लागत नाही. चौकीकडे तुम्हालाच वळावं लागतं. सरळ अमेरिकेच्या रांगेत लागलात, तर कॅनडाच्या वहीत तुमची गाडी अजून कॅनडातच असते आणि अनामत अडकते.

तिकडे

१०० चा बोर्ड किलोमीटरचा, म्हणजे ताशी ६२ मैल, ट्रेलरच्या टायरांना बरोबर मानवणारा वेग. ८० किंवा त्याहून जास्त मर्यादेच्या रस्त्यावर ५० ने पुढे गेलात तर ओंटारियोत ते ‘स्टंट ड्रायव्हिंग’ होतं: जागेवर ३० दिवस लायसन्स बंद, १४ दिवस गाडी जप्त. ट्रेलर ओढताना ते होणार नाही, पण ट्रेलर ट्रॅकवर सोडून रात्री जेवायला निघाल तेव्हा आठवण ठेवा. दिवसभर ट्रॅकवर पळवलेल्या माणसाचा पाय लवकर शहाणा होत नाही.

ट्रॅकवर काहीही झालं तरी यादी विसरू नका. जुने टायर पॅडॉकमधल्या कचऱ्यात टाकून आलात तर गेले आठ, परत आले चार. फोटो काढा, ट्रॅकवाल्याकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या, किंवा सरळ भंगार परत घेऊन या. मी परत आणतो.

परत येताना

ई-२९-बी असेल तर आधी तो रद्द. मग वेलस्ली आयलंडवरची अमेरिकन चौकी. इथे ४४५७ पुढे. ४८ तासांहून जास्त बाहेर असाल तर माणशी ८०० डॉलरपर्यंतची खरेदी करमाफ, कमी असाल तर २०० च. कॅनडात घेतलेले टायर, तिथे गाडीवर बसवलेला नवीन भाग, कुणाकडून करून घेतलेली दुरुस्ती, सगळं स्वतःहून सांगा, पावत्यांसह.

आणि ब्रॅम्प्टनच्या दुकानातला कढीपत्ता घेऊ नका. तो लिंबाच्या कुळातला. त्याच्यावर बसणारा किडा लिंबूवर्गीय बागांना रोग लावतो, म्हणून ताजी पानं अमेरिकेत आणायला बंदी आहे. आमच्याकडे एकदा दोन जुड्या सापडल्या, हेल्मेटच्या पिशवीत, मेहुण्याच्या. बारा चाकं, इंजिनाचे सुटे भाग, जनरेटर, कशालाही कुणी हात लावला नव्हता. अधिकाऱ्याने जुडी नाकाशी नेली, ‘वास छान आहे’ म्हणाला आणि पिवळ्या डब्यात टाकली.

घरी पोचल्यावर ट्रेलर सोडायच्या आधी ४४५७ प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून फाइलला लावा. माझ्या ४४५७ वरचा शिक्का तिसऱ्या वर्षी जरा पुसट झालाय, पण तारीख अजून वाचता येते.